मखर तेराशेचं, परतीचं भाडं साडेसातशे

काका, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहते. गणपतीच्या पंधरा दिवस आधी मोबाईलवरून मखर मागवलं. फोमचं, घडी होणारं, १२९९ रुपयांचं. आलं तेव्हा वरची कमान मधोमध मोडलेली आणि एक खांब खोक्यात नव्हताच. लगेच फोटो काढून परतीचं बटण दाबलं. मेसेज आला की तुमच्या पिनकोडवर पिकअप मिळत नाही, वस्तू तुम्हीच कुरिअरनं पाठवा, पावती अपलोड करा, खर्च देऊ. पत्ता भिवंडीचा.

खोका घेऊन बेळगावला गेले. शक्ती योजनेमुळं बसला एक रुपया लागला नाही, पण कुरिअरच्या दुकानात ७५५ रुपये गेले. माल २ किलो २०० ग्रॅमचा, त्यांच्याच काट्यावर बघितलं, आणि पावतीवर ८ किलो! विचारलं तर म्हणाला, किलोला ७०, पॅकिंगचे ८०, वर टॅक्स, आणि महाराष्ट्रात जातंय म्हणून टॅक्स जास्त. मागं चार माणसं उभी होती. मी गप्प फोनवरून पैसे दिले. पावतीवर फक्त नंबर, वजन, माप आणि एकूण रक्कम आहे.

मखराचे १२९९ परत आले. कुरिअरचे शंभरच आले. चॅटवर सांगतात, आमच्या धोरणानुसार जास्तीत जास्त १०० रुपये. ही मर्यादा आधी कुठंच दिसली नव्हती. सासूबाई म्हणतात, बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणलं असतं. मिस्टर म्हणतात, साडेसहाशेसाठी डोकं नको लावू, त्या कुरिअरवाल्याला चार शब्द ऐकव आणि विसर. मला फसवलं कुणी, कुरिअरवाल्यानं की कंपनीनं? आणि हे पैसे मिळतील का, सांगा की. पावतीचा आणि खोक्याचा फोटो जोडलाय.

एक वाचक, जांबोटी भाग

*

ताई,

कुरिअरवाल्याला ऐकवायला जाऊ नका. त्यानं एक थाप मारलीय, तिच्याकडं येतोच, पण तुमचे पैसे अडकलेत ते त्याच्याकडं नव्हे. तुमचं भांडण भिवंडीच्या पत्त्याशी आहे आणि ते घरात बसून, मराठीतून करता येतं.

आधी ते ८ किलो बघू. मी टपालाच्या काउंटरमागं नोकरी काढलेला माणूस आहे. वजनावरून वाद घालणारं गिऱ्हाईक मला नवीन नाही, आणि दहातल्या नऊ वेळा वाद चुकीच्या आकड्यावरून असतो. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याच्या मापाचं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, त्याला ५००० नं भागायचं, येईल ते किलो. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. याला ते 'व्हॉल्युमेट्रिक वेट' म्हणतात. रस्त्यानं जाणाऱ्या मालाला काही जण ५००० पेक्षा लहान आकड्यानं भागतात, तेव्हा हे वजन आणखी फुगतं. गाडीत जागा विकली जाते, म्हणून हा हिशोब. पाच किलो तांदूळ ड्रायव्हरच्या पायाशी मावतो, पाच किलो कापूस टेम्पोचा कोपरा खाऊन टाकतो. आणि तुमचं मखर म्हणजे फोम आणि हवा.

पावतीवरचं माप ५० बाय ४० बाय २०. गुणाकार ४०,०००, भागिले ५०००, बरोबर ८. पावती खोटी नाही.

पण तुमचा दुसरा फोटो मी भिंग घेऊन पाहिला. मखर ज्या खोक्यातून आलं त्याच्या लेबलवर ४५ बाय ३५ बाय १५ असं छापलंय. गुणाकार २३,६२५. भागाकार पावणेपाचच्या जरा आत, म्हणजे वर ओढून ५ किलो. ताई, तुम्ही दुकानात ५ किलोचा खोका घेऊन गेलात. त्यानं तो आपल्या मोठ्या खोक्यात घातला, चहूबाजूंनी अडीच सेंटिमीटर मोकळं राहिलं, जेमतेम दीड बोट. त्या दीड बोटानं ५ चे ८ किलो झाले.

रुपयांत मांडतो. मूळ खोक्यातच पाठवलं असतं तर ५ किलोचे ३५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३, एकूण ४१३. तुमचे झाले ८ किलोचे ५६०, पॅकिंगचे ८०, मिळून ६४०, त्यावर ११५ रुपये २० पैसे कर, एकूण ७५५. फरक ३४२ रुपयांचा. तुम्हाला पॅकिंगचे ८० दिसले, पॅकिंगनं प्रत्यक्षात ३४२ खाल्ले.

यात त्या दुकानदाराची लबाडी किती आणि सवय किती, ते मला इथं बसून कळणार नाही. फाटका खोका असेल तर नवा लागतोच, नाहीतर वाटेत माल बाहेर पडतो आणि बोल त्यालाच. पण जो खोका भिवंडीहून जांबोटीपर्यंत घाट चढून धड आला, तो परतीला का नाही चालणार? पुढच्या वेळी घरूनच तयारी करून जा. जुनं लेबल फाडा किंवा त्यावर काळ्या पेननं काट मारा, कडांना रुंद चिकटपट्टी लावा, शिंप्याच्या टेपनं तिन्ही मापं घ्या आणि खोक्यावर लिहा. दुकानात खोका हातातच ठेवून विचारा : ह्याच खोक्यात पाठवाल का, किती किलो धरणार, टॅक्स धरून एकूण किती? आकडा पटला तर खोका काउंटरवर ठेवायचा. फोन क्यूआरपुढं धरल्यावर विचारलेल्या प्रश्नाला दुकानदार मान हलवतो, बाकी काही करत नाही.

आणि मागं उभ्या चार माणसांचा संकोच कशाला? त्या चौघांकडंही खोकेच होते ना.

आता ती थाप. 'महाराष्ट्रात जातंय म्हणून टॅक्स जास्त' हे साफ खोटं. कुरिअरच्या भाड्यावर जीएसटी १८ टक्के. पार्सल बेळगावहून धारवाडला जाऊ दे, भिवंडीला जाऊ दे नाहीतर गुवाहाटीला. तुमच्यासारखा जीएसटी नंबर नसलेला माणूस बेळगावात पार्सल देतो तेव्हा तो कर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के कर्नाटकाचा असा लागतो. लांब जाईल तसा किलोचा दर वाढतो, ते रास्त आहे. कर वाढत नाही. आपल्या भागात सीमेचं नाव घेतलं की माणूस पुढं विचारतच नाही, आधीच इतकं सोसलंय की हेही त्यातलंच असेल असं वाटतं. दुकानदारांना हे चांगलं ठाऊक असतं. तुमच्या बाबतीत सुदैवानं तो नुसतं तसं बोलला, घेतलाय मात्र १८ टक्केच. मी वर हिशोब करून बघितला.

एक गोष्ट मात्र बघा. जीएसटी घ्यायचा तर बिलावर दुकानाचा १५ आकडी-अक्षरी जीएसटी नंबर लागतो. कर्नाटकातल्या नोंदणीचा नंबर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ नं. नंबर नाही तर कर घ्यायचा अधिकार नाही. तुमच्या पावतीच्या फोटोत मला तो दिसत नाही, कदाचित फोटो खालून कापला गेलाय. म्हणून एकदा त्या दुकानात जाच, पण ऐकवायला नको, बिल मागायला. 'मला कंपनीकडून पैसे मागायचेत, भाडं, पॅकिंग, टॅक्स वेगवेगळं लिहिलेलं बिल द्या,' इतकंच म्हणा. गोडीनं मागितलं तर बहुतेक देतात. नाही म्हणाला तर त्याला सांगायला हरकत नाही की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे वाक्य जरा जड आहे, पण दुकानात कधीकधी जड वाक्यच कामाला येतं.

आता भिवंडी.

तुम्ही मखर रंग आवडला नाही म्हणून परत केलेलं नाही. कमान मोडलेली होती, खांब नव्हता. हा फरक तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलाय आणि सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. ई-कॉमर्सचे वेगळे नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. सदोष वस्तू, किंवा जाहिरातीत दाखवली तशी नसलेली वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच नियमांत असंही आहे की परतीच्या अटी, आणि त्यांत परत पाठवण्याचा खर्चसुद्धा, गिऱ्हाइकाला स्पष्ट आणि सहज दिसेल असा सांगितला पाहिजे. परतीचं भाडं प्रत्येक वेळी विक्रेत्यानंच भरायचं, असं वाक्य मात्र त्यात नाही. ते आहे असं तुम्हाला कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्यावर विसंबू नका.

म्हणजे तुमची बाजू दोन पायांवर उभी आहे. माल त्यांच्या चुकीनं खराब आला आणि पिकअपची सोय त्यांच्याकडं नव्हती, म्हणून खर्च झाला. आणि शंभराची मर्यादा आधी दाखवली नाही. दुसरा पाय भक्कम आहे की नाही हे तुम्हालाच तपासावं लागेल. ॲपमध्ये त्याच मखराचं पान उघडा, जिथं '७ दिवसांत परत' वगैरे लिहिलेलं असतं त्यावर बोट ठेवा आणि आत काय येतं ते वाचा. तिथं शंभराचा आकडा लिहिलेला सापडला तर तुमचं म्हणणं थोडं पातळ होईल. पहिला पाय तरी शाबूत राहील. नसला, किंवा पाच पानं आत कुठंतरी दडवलेला असला, तर स्क्रीनशॉट काढा. तारीख दिसेल असा काढा, कारण ही पानं बदलतात.

मग चॅट सोडून द्या. चॅटवर बसलेल्या पोराच्या हातात शंभराच्या पुढं द्यायचं काही नसतं, बऱ्याचदा तर तिथं पोरगाही नसतो, यंत्रच बोलतं. ॲपच्या किंवा वेबसाइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. त्या पत्त्यावर मराठीत किंवा जमेल त्या भाषेत लिहा. मी तुमच्यासाठी मजकूर करून ठेवलाय :

'ऑर्डर क्रमांक अमुक. मखर मोडकं आणि अपुरं आलं, त्याच दिवशी फोटो अपलोड केले आहेत. तुमच्याकडे पिकअपची सोय नसल्याने तुमच्या सूचनेवरून मी ते स्वतःच्या पैशाने पाठवले. खर्च ७५५ रुपये, बिल सोबत जोडले आहे. १०० रुपयांची मर्यादा मला ऑर्डर देताना किंवा परतीची विनंती करताना दाखवलेली नव्हती. उरलेले ६५५ रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत आणि या तक्रारीचा क्रमांक कळवावा.'

रागाचा शब्द घालू नका, मखर गणपतीला मिळालं नाही हेही लिहू नका. ते मला कळतं, त्या ईमेलला कळत नाही. तक्रार पोचल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा, असा नियम आहे. कॅलेंडरवर खूण करा.

महिना उलटला किंवा 'धोरणानुसार'चं पालुपद पुन्हा आलं, तर १९१५ वर फोन लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, केंद्र सरकारची, फुकट. मराठी धरून १७ भाषांत चालते. मोठ्या ऑनलाइन कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत आणि तिथून गेलेली तक्रार त्यांच्याकडं वेगळ्या टेबलावर जाते. ऑर्डर नंबर, तारखा आणि रक्कम हाताशी घेऊनच बोला, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. माझ्या माहितीतल्या दोघांचं काम इथंच झालं, तिसऱ्याचं नाही झालं.

त्याच्या पुढं बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता भिवंडीत, कंपनीचं ऑफिस आणखी कुठं, तरी तुम्हाला तिकडं जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्यानं गिऱ्हाईक राहतं तिथल्या आयोगात तक्रार करता येते. खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळ्यांचा आयोग बेळगावचा. शिनोळी-चंदगडकडच्या वाचकांनी मात्र कोल्हापूरला जायचं. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, 'ई-जागृती' पोर्टलवरून घरून अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची. एवढं सगळं असूनही, ६५५ रुपयांसाठी मी स्वतः गेलो असतो का? नसतो. तिथला कारभार कन्नड-इंग्रजीत चालतो, अर्ज लिहायला कुणाला तरी धरावं लागतं, आणि तारखांना खानापूर-बेळगाव करताना बस फुकट असली तरी दिवस फुकट नसतो. रक्कम सहा हजार असती तर मात्र मीच तुम्हाला हाताला धरून नेलं असतं.

आणि किती मिळाले तर थांबायचं, तेही आताच ठरवून ठेवा. मागायचे ६५५ च. पण कंपनीनं म्हटलं की पॅकिंग आणि फुगलेलं वजन आम्ही देणार नाही, मूळ खोक्याचं भाडं देतो, तर ४१३ मधून आलेले शंभर वजा करून ३१३ होतात. मी पंच असतो तर ३१३ तुम्हाला डोळे झाकून दिले असते आणि उरलेल्या ३४२ वर तुम्हा दोघांना निम्मं-निम्मं करायला लावलं असतं. मिस्टरांना हे पटणार नाही, पण त्यांनी आकडे बघावेत.

एक धोक्याची गोष्ट. या सगळ्या भानगडीत कंपनीचा फोन नंबर गूगलवर शोधू नका. पहिले जे नंबर दिसतात त्यांत भामट्यांचे असतात. 'रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो. चुकून गेलेच पैसे, तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं दुसऱ्या वाचकांसाठीही थोडं, कारण परतीच्या खर्चाची पत्रं गेल्या वर्षभरात बरीच आलीत.

पिकअपला दारात येणारा पोरगा 'पन्नास रुपये पिकअप चार्ज' मागतो, असं अनगोळ आणि वडगावकडच्या तिघांनी लिहिलंय. ऑर्डरमध्ये तो चार्ज लिहिलेला नसेल तर द्यायचा नाही. हे मी मोठ्या तोंडानं लिहितोय, पण मी स्वतः दिलेत. चपला मोठ्या आल्या होत्या, परत करायच्या होत्या. आषाढातला पाऊस, पोरगा दारात निथळत उभा, म्हणाला, 'काका, पन्नास होतात.' मी कसले म्हणून न विचारता दिले. नंतर बायकोनं ॲप उघडून दाखवलं, परत मोफत. त्याला पावसाचे म्हणून दिले असते तर काही वाटलं नसतं. चार्ज म्हणून घेतले, ते अजून टोचतंय.

दुसरं, प्लॅटफॉर्म फी. ऑर्डरच्या शेवटच्या पानावर पाच-दहा रुपये चिकटतात आणि वस्तू परत केली तरी ते बऱ्याचदा परत येत नाहीत. किंमत आधी कमी दाखवून पुढच्या पानांवर एकेक आकार जोडत न्यायचा, या चालीला केंद्रानं नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन मनाई केलीय. अशा तेरा चाली त्यात आहेत. दहा रुपयांसाठी कुणी भांडत नाही, आणि हे त्यांना माहीत आहे.

तिसरं, काही ॲपवर एकाच वस्तूच्या दोन किमती दिसतात. स्वस्तातली निवडली तर फक्त चुकीची किंवा खराब वस्तू परत घेतात. माप बसलं नाही, रंग आवडला नाही, तर नाही. कपड्यांना दोन पैसे जास्त देऊन परतीची सोय असलेलीच किंमत घ्या. डबे, बादल्या, चार्जर यांना स्वस्तातली चालते.

आणि खेड्यातल्यांसाठी सगळ्यात कामाचं. मागवायच्या आधी वस्तूच्या पानावर आपला पिनकोड घालून परतीचं काय ते बघा. घरपोच मिळते म्हणजे घरून उचलतातच असं नाही, दोन्ही सोयी वेगवेगळ्या आहेत. कणकुंबी, जांबोटी, हेमाडगा या पट्ट्यात माल पोचवायला गाडी येते पण परतीचा माल उचलायला कंपनी तयार नसते, असं खूप वेळा होतं. बेळगाव शहरात, टिळकवाडीत नाहीतर शहापुरात बहीण, मावशी, कुणी असेल तर मोठी, मोडणारी, मापाची वस्तू त्यांच्या पत्त्यावर मागवा. पिकअप साधारण ज्या पत्त्यावर माल आला तिथूनच होतो, म्हणून परतीचं कामही तिथंच उरकतं. सीमेपलीकडं नातलग असतील तर त्यांचाही विचार करा. शिनोळी बेळगावपासून अशी कितीशी लांब, पण तिचा पिन ४१ नं सुरू होतो आणि आपला ५९ नं. संगणकाच्या लेखी दोन वेगळे मुलूख. एका पिनवर नसलेली सोय शेजारच्या पिनवर असू शकते. १९७२ साली पिनकोड आला तेव्हा तो फक्त पत्रं लावायला होता. त्यावरून मखराची कमान अडेल असं कुणाला वाटलं होतं!

स्वतःच पाठवायची वेळ आली तर कुरिअरच्या दुकानाआधी पोस्टात भाव विचारा. हे माझ्या जुन्या घराचं कौतुक आहे, समजून घ्या. पण स्पीड पोस्टची पावती छापील मिळते, तिच्यावर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन' असा १३ खुणांचा नंबर असतो, त्यावर पार्सल कुठं पोचलं ते बघता येतं, आणि कंपन्या ती पावती मुकाट्यानं मान्य करतात. दोन्हीकडं एकूण आकडा विचारा आणि स्वस्त पडेल तिथं द्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. गणपत गल्लीबद्दल त्या बरोबर बोलतात. तिथं कमान हातात घेऊन वाकवून बघता येते आणि तेराशेचं हजाराला मागता येतं. फक्त गणपतीच्या चार दिवस आधी त्या गर्दीतून खोका डोक्यावर घेऊन बसस्टँडपर्यंत कोण येणार, ते त्यांना एकदा विचारा.

आणि ताई, ईमेल लिहायच्या आधी एक करा. कुरिअरची पावती गुळगुळीत कागदावर छापलेली दिसतेय, म्हणजे थर्मल पेपरची. देव्हाऱ्याजवळ ठेवली असेल तर समईच्या उबेनंही कागद काळवंडतो, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर अक्षरं उडतात, काही महिन्यांत कागद कोरा. तुम्ही मला पाठवलेला फोटो खालून कापलेला आहे. आजच उजेडात धरून चारही कोपरे दिसतील असा दुसरा काढा, आणि खानापुरात कुठंही दोन रुपयांत तिची झेरॉक्स करून घ्या.